पंचवीस मिनिटांचा मामा

भाचीचं लग्न नांदेडला ठरलं, तेव्हा लातूरच्या शरणप्पानं मोबाईल उंच धरून सगळ्या सोयऱ्यांना सुनावलं, "लातूरच्या विमानतळापासून नांदेडचं विमानतळ सव्वाशे किलोमीटर. पंचवीस मिनिटं! नवरीचा मामा विमानानंच येणार."

मोबाईलनं अंतर खरं सांगितलं होतं. तेवढ्यासाठी विमान उडत नाही, एवढंच सांगायचं राहिलं. पण चारचौघांत बोललेला शब्द शरणप्पा मागं घेतो व्हय? लग्नाच्या आदल्या दिवशी सहा तास स्वतः गाडी हाकत तो हैदराबादला गेला आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नांदेडच्या विमानात बसला.

"तुम्ही उडा. मी आपली एसटीनं जाते," बायको शांतम्मा म्हणाली होती.

अक्षता साडेबाराच्या, विमान नांदेडला उतरणार दीडला. पण मामा नवरीमागं उभा राहिल्याबिगर अक्षता पडत नाहीत, आणि साडेबाराचं लग्न तर तीनच्या आत कधीच लागत नाही, याची शरणप्पाला खात्री होती. लग्न लावणाऱ्या स्वामींना त्याच दिवशी आणखी दोन लग्नं होती, याची मात्र कल्पना नव्हती.

अडीचला बॅगेवरची विमानाची चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरून तो मंडपात शिरला. माणसं खुर्च्या गोळा करत होती. मामाचा मानाचा फेटा डोक्यावर घालून शांतम्मा पान चघळत बसली होती.



"इथलं जेवण सरलं," ती उठत म्हणाली. "चला, लातूरला जाऊनच जेवू. आपली गाडी कुठं लावलीय?"