रंगवलेली सावली

सुकन्यानं पुण्यातल्या उंच इमारती मनात धरून चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर दोन काळे चौकोन काढले आणि त्यांची तिरकी सावली अंगणातल्या फरशीवर रंगवली. ऊन असं, की कावळेसुद्धा पायी चालले होते. सरपंच अमरसिंहदादा येताच भडकले. "आमचा फोटू काढायला सांगितलं हुतं! हे काय, शाळेतले फळे टांगलेत? पुस बे!" शिपायानं चुन्याची बादली उचलली. सुकन्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "दादा, इमारती हायत त्या." "मंग आत जाऊन दाखव!" जमलेल्या माणसांनी दात काढले. तेवढ्यात बायडाबाईची मेंढरं धापा टाकत आली आणि रंगवलेल्या सावलीत मुकाट बसली. बायडाबाई म्हणाली, "मेंढरू कदी खोटं बसत न्हाई." शिपायाचा चुन्याचा कुंचा हवेतच थांबला. दादांनी चप्पल काढून त्या काळ्या सावलीवर पाय टेकवला. घाम पुसत दादा मेंढ्याला म्हणाले, "सरक बे."