बॉल कोणाला द्यायचा?

हजाराव्या वेळीही संगणकाने बॉल बुटक्यालाच दिला. बुटक्याने तो बास्केटमध्ये टाकला आणि पडद्यावरचे प्रेक्षक पुन्हा उड्या मारू लागले.

"पुरे झाल्या यांच्या उड्या," सर म्हणाले. "तुमचं मशीन चुकतंय."

"सर, हजारातून सहाशे दहा वेळा जिंकतोय आपण," प्रोग्रॅमर मुलगी म्हणाली.

"जिंकण्याचं काय घेऊन बसलीस! खेळ खराखुरा वाटला पाहिजे, असंच लिहिलंय ना तुमच्या कंपनीने पत्रात?"

लिहिलं होतं खरं. कंपनी बास्केटबॉलचा गेम काढत होती. त्यात पळायचं नाही, उडी मारायची नाही. प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसायचं आणि टाइमआउट कधी घ्यायचा, कोणाला बाहेर बसवायचं, शेवटचा बॉल कोणाच्या हातात द्यायचा, एवढंच ठरवायचं. शेवटच्या मिनिटातले निर्णय खऱ्या प्रशिक्षकासारखे व्हावेत म्हणून एक खरा प्रशिक्षक हवा होता. सरांना बोलावणं आलं. आजचा दिवस नीट पार पडला, तर सल्लागार म्हणून नेमणूक आणि गेमवर मोठ्या अक्षरांत नाव. गेल्या बारा वर्षांत सरांना कोणी शाळेच्या सामन्यात शिट्टी वाजवायलाही बोलावलं नव्हतं.

त्याला कारण पडद्यावर चालला होता तोच सामना. बारा वर्षांपूर्वीची फायनल. एक गुण मागे, नऊ सेकंद बाकी. सरांनी टाइमआउट घेतला आणि बॉल लंबूला द्यायला सांगितलं. लंबूने त्या दिवशी सहा नेम धरले होते, लागला होता एक. शिवाय त्याला समोरचे दोघं गोचिडीसारखे चिकटलेले. बुटका मोकळा होता आणि त्याचा हात असा बसला होता, की पाठमोरा टाकला असता तरी आत गेला असता. लंबूचा नेम हुकला, फायनल गेली, आठवड्याभरात सरांची खुर्चीही गेली. तेव्हापासून सर भेटेल त्याला एकच ऐकवत, "माझ्या जागी दुसरा कोणीही असता, तरी त्याने हेच केलं असतं." तो 'दुसरा कोणीही' आता समोर टेबलावर बसला होता आणि काही केल्या ऐकत नव्हता.

"त्याला अनुभव कळत नाही," सर म्हणाले. "लंबूचा अनुभव वाढव."

मुलीने वाढवला. बॉल बुटक्याकडे.

"उंची वाढव."

लंबू साडेआठ फुटांचा झाला. बॉल बुटक्याकडे.

मुलीने खुर्ची वळवली. "सर, त्या वेळी तुमच्या डोक्यात आणखी काही होतं का? असेल ते सांगा, मी त्याचा शून्य ते दहाचा काटा बनवते. मशीनला पोटातलं ओळखता येत नाही, आकडा द्यावा लागतो."

सरांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "लंबू म्हणजे क्लबच्या अध्यक्षांचा सख्खा भाचा. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलेले. आणि सोमवारी माझ्या मुदतवाढीची बैठक."

मुलीने नवा काटा बनवला, त्याला नाव दिलं 'अध्यक्षांची भीती'. काटा तीनवर, बॉल बुटक्याकडे. सहावर, तरी बुटक्याकडेच. नऊवर नेला आणि बॉल लंबूच्या हातात गेला. नेम हुकला. पडद्यावरचे प्रेक्षक डोक्याला हात लावून बसले.

"बघ!" सरांनी टेबलावर थाप मारली. "आली की नाही मशीनला अक्कल!"

तीच फायनल दुसऱ्यांदा हरल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

"थांबा, मालकांना बोलावते," मुलगी म्हणाली. "तुम्हाला बोलवा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं."

मालक आले. आत येताना त्यांना दाराच्या चौकटीखाली मान वाकवावी लागली.

"अरे लं..." सरांनी उरलेला शब्द गिळला आणि ते ताडकन उभे राहिले. "या, या साहेब! बसा ना."

लंबू उभाच राहिला. "काय सर, जमलं का? घेतो का तो तुमचा निर्णय?"

सर पडद्याला पाठ लावून उभे राहिले आणि मुलीच्या कानाशी लागले. "तो भीतीचा काटा काढ आधी. साहेबांचा नेम वाढव. दहापैकी दहा कर. कोणा मेल्याने कमी लिहिलाय कोण जाणे!"

मुलीने लंबूकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने काटा फिरवला. बॉल लंबूकडे गेला, जाळीला न शिवता आत पडला आणि बारा वर्षांनी फायनल जिंकली. सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

"ही खरी फायनल!" सर म्हणाले. "गेममध्ये अशीच ठेवा, साहेब."

लंबूचे डोळे पडद्यावरच होते. "सर, त्या टाइमआउटमध्ये मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. माझे हात कापताहेत, बॉल बुटक्याला द्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, मामांकडे बघत होतात. बारा वर्षं झाली, अजून लोक मला फायनल घालवणारा म्हणून ओळखतात. मला इथे जिंकायचं नाहीये. बॉल बुटक्याला द्यायला हवा होता, एवढं तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. त्यासाठी तर तुम्हाला बोलावलं."

सरांनी लंबूकडे नीट निरखून पाहिलं, घसा साफ केला आणि कपाळाला आठ्या घालून ते मुलीकडे वळले.

"ऐकतेस ना, अगं? बुटक्याला दे बॉल! मघापासून मी दुसरं काय सांगतोय?"