दादाची पुण्याई

"इंजिन गेलं, वहिनी. नुसता धूर ओकतंय. विकून टाकू," भाऊजी म्हणाले. गिऱ्हाईक त्यांनी सोबतच आणलं होतं.

नवरा वारल्यापासून हेमलता त्याच्या मोटरसायकलवरून डोंगरावरच्या अंगणवाडीत शिकवायला जायची. गाडी गेली, की नोकरीही जाणार होती.

तिने ऑइलची पट्टी काढून पाहिली. पातळी खुणेच्या वर चढली होती. "ऑइल घातलंच नाही, तर वाढलं कसं?"

"दादाची पुण्याई," भाऊजी हसले.

तिने पट्टी हुंगली. "पुण्याईला पेट्रोलचा वास येतो होय?"

मग तिने कार्बोरेटर उघडला. पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती. अशा गाडीचा टाकीखालचा पेट्रोल कॉक उघडा राहिला, की उभ्या उभ्या पेट्रोल इंजिनातल्या ऑइलात उतरतं आणि चांगलं इंजिनही धूर ओकतं.

"मी तर कॉक रोज बंद करते. संध्याकाळी पारावर मिरवायला गाडी कोण नेतं, भाऊजी?"

गिऱ्हाइकाने चपला पायात सरकवल्या. भाऊजींनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. "आणा, गॅरेजला टाकून येतो."

हेमलताने त्या हातावर झिजलेली सुई ठेवली. "अशीच नवी आणा. नवं ऑइलही. आणि जाताना चालत जा."