नजरेचं माप

मावशींनी गिऱ्हाइकाच्या पायाकडे पाहिलं. माप आठ. मग त्यांनी बटण दाबलं ते नऊचं.

बूट मात्र आठचाच आणून दिला. गिऱ्हाईक चार पावलं चाललं, खूश झालं आणि बूट घालूनच निघालं.

बुटा-चपलांच्या त्या दुकानात मावशींची सव्वीस वर्षं गेली होती. माणूस दारातून आत आला की त्याच्या पायाचं माप त्यांना कळायचं. धाकटे मालक येईल त्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्या मावशींना पट्टी लागत नाही."

आणि त्याच मालकांनी महिन्यापूर्वी दारात ती काळी चटई टाकली. चटईखाली तारा, फळ्यांना दिवे, काउंटरवर बटणांची पाटी. "गिऱ्हाईक आत आलं की नजरेनं माप ठरवायचं आणि तो आकडा दाबायचा," ते म्हणाले. "महिनाभर. आत्ता जास्त विचारू नका."

विचारायची गरजच पडली नाही. गल्ल्यावरच्या मुलीनं सगळं उलगडून सांगितलं. "मावशी, ते यंत्र तुमच्याकडून शिकतंय. शिकून झालं की तुम्हाला नारळ."

 घरी कायमची परत आलेली लेक, तिची तान्ही पोर, आणि मिळवत्या मावशी एकट्या. या वयात त्यांना दुसरं कोण दारात उभं करणार होतं? माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ होय, त्या मनाशी म्हणाल्या. बस म्हणावं शिकत. सहाला सात, सातला पाच. महिनाभर त्यांनी त्या यंत्राला मन लावून अडाणी केलं. फार दिवसांनी त्यांना नीट झोप लागायला लागली.

महिना संपला तशी आत बोलावणं आलं. धाकट्या मालकांशेजारी त्यांचे थोरले भाऊ बसले होते. पुढ्यात छापील कागद.

"फार चुकलं का हो यंत्र?" मावशींनी साळसूदपणे विचारलं.

"यंत्र कसं चुकेल?" थोरले म्हणाले. "चटई पाय मोजते. चुकलात तुम्ही. शंभरात नव्वद वेळा. दोन-तीन जोड घालून बघायला लावून वेळ मारून नेत असाल. डोळे तपासून घ्या."

 मावशींनी खरं सांगावं, तर महिनाभर मुद्दाम खोटं दाबलं हे सांगावं लागणार होतं.

 धाकटे मालक टेबलाकडे बघतच म्हणाले, "दादा सगळ्या दुकानांत हे बसवायचं म्हणत होता. मीच अडून बसलो, मावशी. म्हटलं, महिनाभर ताडून बघू. त्यांची नजर यंत्राच्या बरोबरीनं निघाली, तर चटई परत जाईल आणि मावशी राहतील. तुम्हाला दडपण नको, म्हणून बोललो नाही."