काळी पाच

"बाबा, पेटी चढी वाजतेय," ताई ओळ अर्ध्यावर सोडून म्हणाली.

बाबांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "काळी पाचच आहे गं. तुझी नेहमीची पट्टी."

"मग पुन्हा द्या सूर."

बाबांनी पुन्हा दिला. ताईनं वरच्या 'सा'ला हात घातला आणि आवाज टर्रकन फाटला. तालमीच्या खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

वीज गेली म्हणून ही वेळ आली होती. एरवी ताईच्या साथीला धाकट्या भावाचा कीबोर्ड असायचा. पण उद्या कार्यक्रम, तालीम थांबवून कसं चालेल? म्हणून कोपऱ्यात गुमान बसलेल्या बाबांना तिनंच पेटी घ्यायला लावलं होतं.

तबलजीनं गिटारवाल्याला डोळा मारला. या मंडळींची भाषाच निराळी. ताल चुकला की 'पाय घसरला'. ओळ विसरली की 'गाडी रुळावरून उतरली'. बेसूर गाणारा 'गावाला गेला'. एकमेकांना चिडवायला हे सगळं चालायचं. एकच शब्द कोणी चेष्टेतही काढत नसे, कारण तो ज्याला चिकटला त्याला पुन्हा कोणी विचारत नसे.

तो ताईनं काढला. वैतागून, सगळ्यांसमोर.

"बाबांचा कान गेला!"

आता बाबांचं काम काय, तर पेट्यांचे सूर जुळवायचे. कुठकुठल्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. त्यावर त्यांचं पोट होतं आणि ऐटही होती. तबलजीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही बातमी खोलीबाहेर पडली की बाबांच्या दारात पेटी यायची बंद.

धाकट्याला खरं काय ते ठाऊक होतं. पेटी बरोबर होती. बाबांचा कानही बरोबर होता. चोर तो स्वतः होता. ताईचा आवाज उतरायला लागला तेव्हा तिला तसं सांगायची त्याची छाती झाली नव्हती. काळी पाचसारखी चढी पट्टी हा तिचा अभिमान. 'या पट्टीत गाऊन दाखवा म्हणावं कुणी,' असं ती येताजाता म्हणायची. कीबोर्डवर एक बटण असतं. एकदा दाबलं की सगळे सूर अर्ध्या सुरानं खाली येतात, बोटं मात्र होती तिथंच राहतात. आधी त्यानं ते एकदा दाबलं. पुढच्या वर्षी दोनदा. आता तीनदा दाबत होता. ताई त्याची बोटं काळी पाचवर बघायची आणि खूश होऊन गायची.

बोल की मेल्या, त्यानं स्वतःला सांगितलं. पण बोललो तर उद्या ताई स्टेजवर उभी तरी राहील का? तो बंद कीबोर्डवरची धूळ पुसत बसला. स्वतःचीच शिसारी आली त्याला.

"चुकलं असेल पोरी," बाबा म्हणाले. "वय झालं आता." त्यांनी पेटीचा भाता मिटला.

तेवढ्यात वीज आली. धाकट्यानं सगळ्यांकडे पाठ करून बटण तीनदा दाबलं आणि सूर दिला. ताई गायली. वरचा 'सा' लागला. वाहवा झाली.

"ही खरी काळी पाच!" ताई म्हणाली. "ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं गं. छान लागला," बाबा म्हणाले. तबलजी गालातल्या गालात हसत होता.

तालीम संपल्यावर धाकटा पेटी उचलून बाबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला. त्यानं पेटी खाली ठेवली.

"बाबा, मला माफ करा. तुमचं काही चुकलेलं नाही. मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो."

बाबांनी आधी दार लोटून घेतलं.

"कुणाला काही सांगायचं नाही."

"अहो, पण उद्यापासून तुमच्याकडे एक पेटी यायची नाही!"

"नाही आली तर नाही आली." बाबा खाटेवर टेकले. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि उद्या ते बटण चारदा दाब. तीनदा दाबून आता तिचं भागत नाही."