किमान तीस शब्द

"यादीत वहिनी नाहीये."

मॅनेजर अ‍ॅपच्या डिझायनरच्या टेबलाशी उभे होते. खांद्याला बॅग, हातात मोबाइल, आणि तीन मजले चढून लागलेली धाप. गैरहजेरी कळवायचं अ‍ॅप सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि ज्यांनी ते हौसेने करून घेतलं तेच त्यात सगळ्यात आधी अडकले होते.

"नाही ना, सर," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं. आई, वडील, नवरा-बायको, मुलं. बाकीचा गोतावळा नको."

"अहो, दादाचा फोन होता आत्ता. वहिनी गेली. तिकडे सगळे माझ्यासाठी खोळंबलेत आणि इथे गेट उघडत नाहीये. गार्ड म्हणतो, नोंद झाल्याशिवाय कार्ड चालणार नाही, सर, तुमचीच ऑर्डर आहे."

गार्डचं काही चुकलं नव्हतं. लोक उठतात आणि चालू लागतात, तेव्हा कार्डच चालता कामा नये, असं साहेबांनी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. तिने शब्दन्‌शब्द उतरवून घेतला होता. जिथे ते विसरले तिथे उलट तिनेच आठवण करून दिली होती. कारण किती शब्दांत लिहायचं, सर? पाच-सहा शब्दांत कोणीही थाप मारेल. मग तीस ठेवा, ते म्हणाले. सूट कोणाला? कोणालाही नाही. तुम्हाला? मलाही नाही, असं छाती पुढे काढून सांगितल्यावर तिने त्याखाली त्यांची सही घेतली होती.

"सगळ्यात खाली 'इतर' आहे," ती आता म्हणाली. "तिथे नातं लिहा. मग ते नातं जवळचं कसं, तेही लिहा."

ते समोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही अंगठ्यांनी घाईघाईने लिहिलं, 'तिने मला लहानाचं मोठं केलं.' खाली लाल अक्षरं उमटली. 'कारण अपुरे. अजून पंचवीस शब्द.'

यादीत एक नातं वाढवायला दोन मिनिटं पुरेशी होती. हे तिला ठाऊक होतं, आणि शेजारी बसून अ‍ॅप तपासणाऱ्या टेस्टरलाही.

"वाढव ना गं, ताई," टेस्टर कुजबुजली. "त्यांच्या घरातलं माणूस गेलंय."

"माझ्या घरातलं काय झाड गेलं होतं?" डिझायनर मुळीच कुजबुजली नाही. "सगळं आटोपल्यावर पोचले मी. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."

साहेबांनी मान वर केली नाही, पण अंगठे थांबले. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी पोटातून बरं वाटलं.

"'कारण अपुरे' हे कोणी घातलं इथे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

तिने खालचा ड्रॉवर उघडला. तीन वर्षं जपून ठेवलेला रजेचा अर्ज काढला आणि त्यांच्या मोबाइलशेजारी ठेवला. पानभर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मावशी आजारी आहे, मावशी माझी कोण लागते, मावशीने काय काय केलं. समासात लाल शाईने तेच दोन शब्द आणि खाली साहेबांची वळणदार सही.

"घ्या यातलं हवं तेवढं," ती म्हणाली. "तीस काय, तीनशे शब्द आहेत. तेव्हा कमी पडले, आता पुरतील."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी कापला. मग अर्जावर एक बोट ठेवून ते एकेक ओळ वाचत मोबाइलवर उतरवू लागले. टेस्टर उठून पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाही.

लाल अक्षरं गेली. साहेब उठले. जाताना त्यांनी अर्ज उचलून तिच्या हातात दिला, दोन्ही हातांनी.

सुरुवातीचे पंधरा दिवस प्रत्येक नोंद तपासणीसाठी तिच्याकडे येत होती. हीसुद्धा आली. तिने उघडली. 'वहिनीने मला लहानाचं मोठं केलं. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्याबरोबर पहाटे उठून बसायची. मला ताप आला की रात्रभर माझ्या उशाशी असायची. आज मी पोचलो नाही तर मावशी माझी वाट बघत राहील.'

खाली गेट उघडल्याचा आवाज आला. ती शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली. चूक दुरुस्त करायचं बटण समोरच होतं. तिने ते दाबलं नाही.