हाकेचा घुमारा

"पुन्हा लाव," जानकीबाई म्हणाल्या.

जयवंतने टेप मागे घेतली. स्पीकरमधून बाईंच्याच कीर्तनातली म्हातारी आली. देवळाचं दार बंद, बाहेर ती एकटी, आणि तिची हाक: "देवाऽ!"

हाक संपली आणि तिच्या मागून पातळ, पत्र्यासारखं काहीतरी आलं. "वाऽ... वाऽ... वाऽ..."

उष्ट्यात हात पडावा तसा जानकीबाईंचा चेहरा झाला. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

"हे वा वा कोण म्हणतंय रे?"

"कोणी नाही, ताई. घुमारा आहे तो." जयवंतने रॅकवरच्या लांबट पेटीवर हात ठेवला. "ह्यात स्प्रिंगा आहेत. आवाज इकडून जातो, स्प्रिंगा थरथरतात, तिकडून घुमून बाहेर येतो. मग फिल्टरनं त्यातला जाड भाग कापला ना, की एकदम देवळातलं वाटतं."

"जन्म गेला माझा देवळांत. हे रिकाम्या टाकीत चमचा पडल्यासारखं वाजतंय."

माणिकशेठ स्टुडिओच्या कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून बसले होते. कॅसेट त्यांची कंपनी काढणार होती. एसी बंद पडलेला, म्हणून खिडकी उघडी, आणि वर्सोव्याच्या वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट आत.

"काय घाण आहे ही," ते पुटपुटले. मग मोठ्याने, "ताई, आजकाल हेच चालतं. झकास आलंय."

"बोंबील खाऊन माणसं जगतात, शेठ. घाण ही इथं वाजतेय." जानकीबाईंनी स्पीकरकडे बोट केलं. "ती म्हातारी हाक मारते आणि उत्तर येत नाही. तिथं मी थांबते. अख्खा सभामंडप श्वास धरून थांबतो. सगळं कीर्तन त्या थांबण्यासाठी असतं हो! आणि तुमची पेटी तिला शाबासकी देते? मयताला जाऊन टाळ्या वाजवाव्यात, तसं?"

"पण कॅसेटवर शांतता कशी चालेल? लोकांना वाटेल बाजू संपली. काढून उलटी घालतील."

"घालू देत." त्या जयवंतकडे वळल्या. "पेटीशिवायचा माझा आवाज दे मला."

जयवंत बटणांकडे बघत राहिला.

"तो नाहीये, ताई. पेटीतूनच टेपवर घेतला. शेठ म्हणाले, तसाच घे."

जानकीबाईंनी गळ्यावर हात ठेवला. दिवाळीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. पुढे आवाज राहील का, डॉक्टर सांगत नव्हते. मागे राहणार ती ही एवढी एकच कॅसेट.

"हाक परत घे," त्या म्हणाल्या. "त्या डबड्याची वायर काढ आधी."

जयवंतने वायर उपटली. जानकीबाई काचेपलीकडे जाऊन माईकसमोर उभ्या राहिल्या. डोळे मिटले, हात जोडले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

"म्हातारी दाराशी आली," त्या हळू सांगू लागल्या. "दार बंद. कडीला हात पुरेना. मग तिनं हाक मारली. दे..."

आवाज तिथंच फाटला. पुढचं अक्षर ओठांवर आलं, पण त्याला आवाज नव्हता.

हात तसेच जोडलेले. रीळ फिरत राहिलं. जयवंतचा हात बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला. कुठे काही घुमलं नाही. काही परत आलं नाही.

माणिकशेठांच्या नाकावरचा रुमाल खाली आला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना राहवेना. पुढे वाकून त्यांनी आत बोलायच्या माईकचं बटण दाबलं.

"वा!" आतल्या छोट्या स्पीकरमधून त्यांचा आवाज खणखणला. "वा, ताई, वा!"

लाल दिवा अजून जळत होता.

जानकीबाईंनी डोळे उघडले. काचेतून शेठकडे पाहिलं.

"केलीत हाक पुरी?" त्यांच्या घशातून नुसती फुसफुस आली.

मग त्यांनी पदराने कान पुसले. आधी एक, मग दुसरा.